फक्त हाताने धुवावे

त्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे साडेचारला लाँड्रीत पोहोचले, तेव्हा बाबा गुडघ्यांवर बसून तीन नंबरच्या मशीनखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत होते. तीन नंबर पिळायला लागलं की जागचं हलायचं आणि हळूहळू दाराच्या दिशेने निघायचं. त्याला नोकरी सोडायची आहे, असं बाबांचं म्हणणं होतं. पुठ्ठा घातला की दोन-चार दिवस मुकाट काम करायचं.

"आल्या पंडितबाई," बाबा न वळता म्हणाले. मशीनच्या गोल काचेत त्यांना मागचं दार दिसायचं. पंडितबाई हे नाव मला लहानपणीच पडलं होतं, ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवायची सवय लागली तेव्हा. सवय सुटली नाही आणि नावही सुटलं नाही.

लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला धुण्याची आठ मशीनं, समोर वाळवण्याची पाच, मधे लाकडी बाक आणि टोकाला बाबांचं टेबल. लोक कपडे आणून मशीनमध्ये घालायचे, टोकन टाकायचे आणि अडतीस मिनिटं बाकावर बसून राहायचे. ज्यांना तेवढा वेळ नसे ते पिशवी बाबांकडे सोडून जायचे. बाबा कपडे धुऊन, वाळवून, घड्या करून त्यावर पिवळी चिठ्ठी टाचून ठेवायचे. इथे त्यांना अकरा वर्षं झाली होती. त्याआधी ते दोरखंडाच्या कारखान्यात होते. तिथे यंत्रांच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, त्यामुळे इंग्रजीची गरज सूचनाफलक वाचण्यापुरती. लाँड्रीत मात्र अडतीस मिनिटं नुसतं बसलेलं माणूस बोलणारच.

मी पिशवी टेबलावर ठेवली. आमच्या घरी कपडे धुण्याचं मशीन आहे, आणि तरी दर गुरुवारी मी ही पिशवी घेऊन यायचे.

"घरचं बिघडलंय का अजून?" बाबांनी विचारलं.

"नीट पिळत नाही."

"मग माणूस बोलाव की दुरुस्तीला."

बोलावते, म्हणाले. दोन वर्षं बोलावत होते.

बाकावर ड्रायव्हरबाई बसल्या होत्या. बाई शहरातली बस चालवत आणि गुरुवारी सुट्टी असल्यामुळे आठवड्याचे गणवेश धुवायला आणत. पन्नाशीच्या, ऐसपैस, आवाज असा की मागच्या सीटवरच्यालाही थांबा कळावा. बाबांच्या इंग्रजीला मुख्य पुरवठा त्यांचाच होता. त्यांनी बोलता बोलता काही म्हटलं की बाबा कपड्याची घडी अर्धवट ठेवून विचारायचे, हे परत म्हणा, हे कुणाला म्हणायचं, रागाने की प्रेमाने. बाई न कंटाळता सांगायच्या. आमच्या बसमध्ये कुणी मला एवढं लक्ष देऊन ऐकत नाही, असं त्या म्हणायच्या.

पण नवं काही ऐकलं म्हणून बाबा लगेच पदरात घेत नसत. त्यांचा नियम होता: एकानं म्हटलं तर त्याची खोड, दोघांनी म्हटलं तर योगायोग, तिघांनी म्हटलं की चिठ्ठी. तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्यावरच ते पिवळ्या चिठ्ठीवर देवनागरीत लिहीत, खाली तारीख घालत आणि कोपऱ्यात एक चित्र काढत.

कपड्याच्या कॉलरखाली जी पट्टी असते, तिच्यावरची चित्रं असायची ती. नुसता टब म्हणजे मशीनमध्ये खुशाल धुवा. टबात बुडवलेला हात म्हणजे फक्त हाताने. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच घालू नका. बाबांनी ही चित्रं बोलण्याला लावली होती. चिठ्ठीवर टब असेल तर ते वाक्य कुणालाही, कुठेही चालतं. टबात हात असेल तर फक्त जवळच्या माणसाला, जपून. त्रिकोणावर फुली असेल तर कानांनी ऐकावं, तोंडाने बोलू नये. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला एका माणसाला त्यांनी विचारलं होतं, मदत करू का घड्या घालायला, तर तो म्हणाला, आय ॲम गुड. बाबा घरी येऊन मला म्हणाले, "काय माणसं असतात बघ. मी मदत विचारली, तर स्वतःच स्वतःला चांगला म्हणून घेतो." त्याचा अर्थ 'नको, ठीक आहे' असा होतो, हे कळल्यावर ते दोन दिवस हसत होते. मग म्हणाले, शब्द ओळखीचे असले म्हणून माणूस ओळखीचा होत नाही. प्रत्येकाची पट्टी वाचायला पाहिजे.

दर गुरुवारी माझ्या धुतलेल्या कपड्यांवर अशी एक चिठ्ठी टाचलेली असायची. घरी गेल्यावर मी ती काढून पुस्तकात खूण म्हणून ठेवायचे. माझ्या कपाटातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक त्या दिवसांत पिवळी जीभ बाहेर काढून उभं होतं.

हे सगळं सुरू झालं, असं मी समजत होते, ते माझ्या एका खोटेपणामुळे.

मी कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या संस्थेत मुद्रितं तपासते. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुख्य कार्यालयात संपादकाची जागा निघाली. ते कार्यालय गाडीने सात तासांवर, दुसऱ्या शहरात. सगळ्यांनी भरीला घातलं म्हणून मी मुलाखत दिली. माझी निवड झाली. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. तीन दिवस मी ते कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरले आणि चौथ्या दिवशी त्यांना नाही म्हणून कळवलं. घरी सांगितलं की निवड झाली नाही.

खरं सांगितलं असतं, तर पोरगी आपल्या पायी अडकली, हे बाबांनी मनाला लावून घेतलं असतं. आई गेल्यापासून त्यांना कुणाच्या वाटेत येण्याची धास्ती होती. बाकावर बसले तरी टोकाला बसत. खोटं खरं वाटावं म्हणून मी त्याला एक तपशील जोडला, कारण तपशील असला की माणूस पुढे विचारत नाही, हे मी पुस्तकांतून शिकले आहे. म्हणाले, तिथली माणसं फार मोकळं बोलतात, मला तसं जमत नाही, मी छापल्यासारखी बोलते.

बाबा 'बरं' म्हणाले. पुढच्याच गुरुवारी माझ्या कपड्यांवर पहिली चिठ्ठी आली. नो रश. कोपऱ्यात टब. म्हणजे घाई नाही, होऊ दे सावकाश. टोकन शोधताना कुणी गडबडलं की बाबा हेच म्हणत.

तेव्हापासून दर गुरुवारी मला वाटायचं की हा माणूस मला पुढच्या मुलाखतीसाठी तयार करतोय. मुलीला पुस्तकं घेऊन दिली पण बोलणं शिकवलं नाही, याची भरपाई करतोय. मनाशी ठरवून यायचे, आज सांगून टाकू. मग मशीन सुरू व्हायचं, बाबा काहीतरी विचारायचे, ड्रायव्हरबाई काहीतरी सांगायच्या, आणि अडतीस मिनिटं संपायची. खरं सांगायचं तर ती अडतीस मिनिटं मला इतकी आवडायची की त्यात दुसरं काही आणायला मन होत नसे.

शिकवण्याचा परिणामही झाला होता, वाईट आणि चांगला. एकदा एक निवृत्त न्यायाधीश, वय ऐंशीच्या पुढे, त्यांच्या पुस्तकाच्या मुद्रितांवरून फोनवर फार कासावीस झाले होते. मी त्यांना म्हणाले, चिल. चिठ्ठीवर टबात हात होता, पण ती पुस्तकात उलटी राहिली होती. ते इतके हसले की त्यांच्या नातीने फोन हातात घेऊन सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं. पुढचं पुस्तक त्यांनी माझ्याकडेच द्यायला लावलं. बाबांना सांगितलं तर ते गंभीर होऊन म्हणाले, "गरम पाण्यात घातलंस. आटलं नाही, हे नशीब."

तर त्या गुरुवारी. मी ड्रायव्हरबाईंशेजारी बसले. एक चष्मेवाले गृहस्थ बायकोबरोबर आले, घड्या केलेले कपडे घेऊन गेले. पाच मिनिटांत ते एकटेच परत आले आणि टेबलाशी वाकून हळूच काही विचारलं. बाबांनी ड्रॉवर उघडून एक तपकिरी पाकीट दिलं. गृहस्थांनी ते न उघडता छातीशी धरलं आणि गेले.

"काय होतं आत?" मी विचारलं.

"त्यांचं होतं."

"मग मघाशीच का नाही दिलंत?"

"मघाशी मागितलं नव्हतं."

खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम मला ठाऊक होता. दुसरा त्या दिवशी कळला. खिशात सापडलेली वस्तू आपणहून पुढे करायची नाही. पाकिटात घालून, तारीख, कपडा आणि खिसा लिहून ठेवायची. ज्याची त्याने मागितली की द्यायची.

"माणूस काय खिशात ठेवतो आणि का, आपल्याला काय माहीत," बाबा म्हणाले. "चारचौघांत हातावर ठेवलं आणि त्याला अवघड झालं तर? मागेपर्यंत ती हरवलेली नसते. ठेवलेली असते."

"आणि कुणी मागितलंच नाही तर?"

"ड्रॉवर मोठा आहे," ते म्हणाले, आणि वाळवणीच्या मशीनची जाळी काढून तिच्यावर जमलेली लव एका हाताने गोळा करायला लागले. लव काढताना ते नेहमी त्याचा छान गोल गोळा करत, टाकून द्यायचा असला तरी.

मग त्या दिवसाची चिठ्ठी. माय बॅड. आधी परीक्षा झाली.

"समज, तू माझ्या पायावर पाय दिलास. काय म्हणशील?"

मी इंग्रजीत म्हणायला लागले की मला खरोखर अतिशय वाईट वाटतंय, माझं लक्ष नव्हतं, आणि—

"तोवर पाय सुजला," बाबा म्हणाले. "माय बॅड. चुकलं माझं. दोन शब्द, पाय मोकळा."

मी म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून ते कुणीतरी दुसऱ्यानं ठेवून दिल्यासारखं बाहेर आलं. बाबांनी चालेल अशी मान हलवली आणि चित्र काढायला पेन्सिल उचलली. टब काढला. त्यात पाण्याची रेघ काढता काढता म्हणाले, "पण हे छोट्या चुकीला. चहा सांडला, चुकीचं बटण दाबलं. मोठं काही असेल तर हे चालत नाही. मोठ्याला पूर्ण वाक्य लागतं. आणि ते आपल्या भाषेतच बरं पडतं."

काय बोलताय, म्हणून ड्रायव्हरबाईंनी विचारलं. बाबांनी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं. बाईंनी जोरजोरात मान डोलावली. त्यांच्या नवऱ्याने त्यांची नवी गाडी खांबावर घातली होती आणि घरी येऊन हेच दोन शब्द म्हणाला होता. तेव्हापासून तो भावाकडे राहतो.

सहाला शटर ओढून आम्ही निघालो. पिशवीचा एक बंद बाबांनी धरला, एक मी, आणि मधे पिशवी झोके घेत राहिली. पुढच्या गुरुवारचं काय आहे, मी विचारलं. तयार आहे पण अजून दोघांकडूनच ऐकलंय, ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी आपले मोजे बेसिनमध्ये हाताने धुतले, कारण कामावरचं यंत्र स्वतःसाठी वापरणं त्यांना पटत नसे, आणि घरच्याला हात लावला असता तर कदाचित माझी लबाडी उघडी पडली असती, हे त्यांना माहीत असावं असं मला आता वाटतं. जेवण झालं. मी वाचत बसले. ते झोपायला जाताना माझ्या पुस्तकावर टिचकी मारून गेले.

शुक्रवारी सकाळी बाबा उठले नाहीत. मी दोघांच्या चहाचं पाणी ठेवून हाक मारली होती. झोपेतच गेले, त्रास झाला नसणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते त्रास देणारे नव्हतेच, स्वतःला किंवा कुणाला.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लोक आले, गेले. मी कामावर जायला लागले. तीन आठवड्यांनी लाँड्रीच्या मालकांचा फोन आला की टेबलाचा ड्रॉवर तेवढा बघून घ्या, नवा माणूस येतोय, पण त्या वस्तूंना हात लावायला आमचं मन होत नाही.

मी गुरुवारी साडेचारला गेले. निघताना सवयीने कपड्यांची पिशवी उचलली आणि मग ती खाली ठेवावीशी वाटली नाही. मालक दारातच भेटले. किल्ली हातात दिली, खांद्यावर थोपटलं आणि जाता जाता म्हणाले, हँग इन देअर. म्हणजे धीर धर, टिकून राहा.

ड्रायव्हरबाई बाकावर होत्या. त्या मधे सरकून बसल्या होत्या आणि बाकाचं टोक त्यांनी रिकामं ठेवलं होतं. मी कपडे तीन नंबरमध्ये घातले, कारण तेवढंच मोकळं होतं, आणि आधी वाकून पुठ्ठा आहे का पाहिलं. होता, कुणीतरी नव्याने घातलेला. बाईंनी माझा हात थोडा वेळ हातात धरला. मग त्यांनी सांगितलं की बाबा माझ्याबद्दल त्यांना काय म्हणायचे. म्हणायचे, तिला सगळे शब्द येतात, मी फक्त लोकांच्या खिशातून पडलेले गोळा करतो.

मी टेबलामागे बसले आणि ड्रॉवर उघडला. वर कोऱ्या चिठ्ठ्यांचं बंडल, पेन्सिल, टाचण्यांची डबी. एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: हँग इन देअर. चित्र नव्हतं. खाली दोन बारीक उभ्या रेघा. मी पेन्सिल घेऊन मालकांची तिसरी रेघ काढली. मग जरा विचार करून कोपऱ्यात टब काढला. कुणालाही, कुठेही चालेल असं मला वाटलं.

खाली पाकिटं. अकरा वर्षांची, तारखेने लावलेली. प्रत्येकावर बाबांचं गोल अक्षर: निळी पँट, मागचा खिसा. मुलीचा फ्रॉक, पुढचा खिसा. वरून हात लावला की आत काय आहे ते कळत होतं, किल्ली, बटण, कागद. मी एकही उघडलं नाही. नव्या माणसाला नियम समजावून सांगून ड्रॉवर तसाच त्याच्या हवाली करायचा, असं ठरवून मी ती नुसती चाळत गेले. दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटांत एक होतं. चौदा मार्च. राखाडी कोट, डावा आतला खिसा.

ती तारीख मला आठवायला लागली नाही. पहिली पिवळी चिठ्ठी माझ्या शब्दकोशात आहे आणि शब्दकोश मी रोज उघडते. नो रश, चौदा मार्च.

पाकिटावर तारखेखाली तेच दोन शब्द होते. फक्त इथे कोपऱ्यात नुसता टब नव्हता. टबात हात होता.

ते चिकटवलेलं नव्हतं. आत काय आहे ते मला माहीत होतं, तरी मी बोटांनी घडी चाचपली. जाड कागद, तीन घड्या, पाणी न लागलेला. कोट मी त्या पहिल्या पिशवीत घातला होता आणि पत्र खिशातच विसरले होते; म्हणजे खिसा तपासताना त्यांना ते पहिल्याच गुरुवारी सापडलं होतं. ते सावकाश वाचत, पण वाचत. मी खोटं बोलले हे कळल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही. कपडे धुतले, घड्या केल्या, आणि वर एक चिठ्ठी टाचली. मग शंभर गुरुवार मला आपल्या शेजारी बसवून ठेवण्यासाठी लोकांच्या तोंडचे शब्द जमवत राहिले. माझ्या मुलाखतीची तयारी त्यांनी कधी केलीच नव्हती.

मला रडू आलं नाही. उलट खूप दिवसांनी छातीत पुरेशी जागा झाल्यासारखं वाटलं. मी पाकीट होतं तसं परत त्याच्या तारखेच्या जागी लावलं आणि ड्रॉवर बंद केला. टेबलामागून उठून पुढच्या बाजूला आले, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे. तीन नंबरने पिळायला सुरुवात केली होती, पण जागचं हललं नाही. ड्रायव्हरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या मशीनच्या काचेकडे तोंड वळवलं.

"बाबा," मी रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "माझ्या राखाडी कोटाच्या खिशात एक पत्र राहिलं होतं. सापडलं का?"

आवाज नीट निघाला. म्हणून मी पुढचंही म्हणाले, पूर्ण वाक्यांत.

"माझी निवड झाली होती. मी तुमच्याशी खोटं बोलले. मीच त्यांना नाही कळवलं, आणि ते तुमच्यासाठी म्हणून नाही, बाबा. माझ्यासाठी. मला इथं तुमच्याजवळ बसायला आवडत होतं. घरचं मशीन चांगलं पिळतं."